घाटापासून केरीपर्यंत : तेरेखोल नदीने घडवलेला मुलूख

गोव्याच्या अगदी उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यातल्या केरी गावापाशी तेरेखोल नदी अरबी समुद्राला मिळते. मुखाच्या उत्तरेला खडकाळ टेकडी आहे आणि तिच्यावर तेरेखोलचा किल्ला. दक्षिणेला केरीची सपाट, वाळूची किनारपट्टी. दोन काठांतले हे अंतर फेरीबोटीने काही मिनिटांत पार होते, पण काठांची जडणघडण पूर्णपणे निराळी आहे. उत्तरेचा काठ मूळच्या खडकाचा असून नदी आणि समुद्र त्याला हजारो वर्षे झिजवत आले आहेत. दक्षिणेचा काठ याच दोघांनी वाहून आणलेल्या वाळूचा बनला आहे. नदी जमीन कापते आणि नदीच जमीन घडवते, ही दोन्ही कामे केरीच्या मुखावर समोरासमोर दिसतात.

तेरेखोलचा उगम सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मनोहरगडाच्या परिसरातल्या सह्याद्रीत होतो. सावंतवाडी तालुक्यातून ओटवणे, बांदा अशी गावे घेत ती खाली येते आणि वरच्या टप्प्यात बांद्याची नदी म्हणूनच ओळखली जाते. पुढे ती गोवा आणि महाराष्ट्र यांच्यामधली सीमा होते. एका बाजूला न्हयबाग, किरणपाणी, पालये, केरी ही पेडण्याची गावे, दुसऱ्या बाजूला सातार्डा, आरोंदा ही सावंतवाडीची. गोव्याच्या हिशेबात धरलेली तिची लांबी सुमारे २६ किलोमीटर आहे. पेडण्याच्या दक्षिणेला शापोरा नदी वाहते. तिची गोव्यातली लांबी ३२ किलोमीटर. तिळारी आणि काळणा यांच्या संगमातून ती बनते आणि मोरजीपाशी समुद्राला मिळते. पेडणे तालुका या दोन नद्यांच्या मधला पट्टा आहे. त्याचे डोंगर, सडे, मळे, खाजने आणि किनारे यांपैकी जवळजवळ प्रत्येकावर या दोन नद्यांचा हात फिरलेला आहे.

या नद्या आखूड का आणि त्यांचा उतार वरच्या अंगाला इतका तीव्र का, याचे उत्तर सह्याद्रीच्या जन्मात आहे. गोव्याच्या पोटातले खडक फार जुने आहेत. डिचोली परिसरातले लोहखनिजाचे पट्टे ज्या खडकांत सापडतात ते सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या काळातले. त्यामानाने दख्खनचा लाव्हा कालपरवाचाच म्हणायचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरांवर थर पसरत गेला, आणि त्याच सुमारास आज सेशेल्स बेटे ज्यावर आहेत तो भूखंड भारतापासून तुटून दूर गेला. पश्चिमेची बाजू अशी खचल्यावर पठाराची कड उघडी पडली. ही कड म्हणजे सह्याद्रीचा कडा. पठारावर पडलेल्या पावसाला पूर्वेकडे जायचे तर शेकडो किलोमीटरचा सावकाश उतार होता. पश्चिमेकडे मात्र समुद्र जवळ होता आणि मध्ये एकदम खोल उडी होती. कृष्णेसारखी नदी त्यामुळे पठारावरून रमतगमत बंगालच्या उपसागराकडे जाते, तर कोकण-गोव्याची नदी काही तासांत घाट उतरून सखल भागात येते.

उंचावरून पडणाऱ्या पाण्यात कापण्याची ताकद मोठी असते आणि ते नुसते खालीच कापत नाही, मागेही कापत जाते. झऱ्याच्या डोक्याशी खडकाला भेगा पडतात, पावसात त्या रुंदावतात, कड्याचा एखादा भाग सुटून कोसळतो आणि दरीचे टोक थोडे पूर्वेला सरकते. लक्षावधी वर्षे हे चालले की कडाच मागे हटतो. पश्चिमवाहिनी नद्यांनी अशा रीतीने पठाराच्या कडेला खिंडी पाडल्या आणि माणसाने पुढे त्याच खिंडींतून घाटवाटा काढल्या. आंबोली, तिळारी, चोर्ला या वाटा पाण्याने आधी कोरलेल्या आहेत; बैल आणि मोटारी नंतर आल्या.

चोर्ला घाटात ही गोष्ट फार जवळून पाहता येते, आणि तिथेही एक केरी आहे. गोव्यात या नावाची गावे एकाहून अधिक आहेत. पेडण्याचे केरी नदीच्या मुखाशी, तर सत्तरी तालुक्यातले केरी घाटाच्या पायथ्याशी. सत्तरीच्या केरीच्या बाजूने वाळवंटी नदी उतरते, साखळीवरून डिचोली तालुक्यात जाते आणि तिचे पाणी पुढे मांडवीला मिळते. घाटमाथ्यावर चोर्ल्याच्या जवळच कणकुंबी गाव आहे, तिथे मलप्रभेचा उगम. मलप्रभा पूर्वेकडे वाहत कुडलसंगमला कृष्णेला मिळते. म्हणजे माथ्यावर हाकेच्या अंतरावर पडलेल्या दोन सरींपैकी एकीचे पाणी वाळवंटीतून अरबी समुद्रात जाते आणि दुसरीचे अख्खा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात. मधली जलविभाजक रेषा कायमची नाही. पश्चिमेचे ओढे जोरात कापत असल्यामुळे ती हळूहळू पूर्वेला सरकते, आणि कधी एखादा ओढा मागे कापत जाऊन पूर्वेच्या प्रवाहाला गाठतो व त्याचे पाणी आपल्याकडे वळवतो. भूगोलात याला नदीचे अपहरण म्हणतात.

याच जागी माणसाने उलट दिशेचा उद्योग मांडला आहे. म्हादईचे, म्हणजे मांडवीच्या वरच्या प्रवाहाचे, पाणी कळसा आणि भांडुरा या नाल्यांवरून मलप्रभेत वळवण्याच्या कर्नाटकाच्या योजनेवरून २०१० मध्ये म्हादई जलविवाद लवाद नेमला गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने दिलेल्या निवाड्यात गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (हजार दशलक्ष घनफूट) पाणी ठरवून दिले. निसर्ग ज्या दिशेने पाणी नेत आला त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला ते नेण्याचा हा बेत आहे, आणि त्याचे परिणाम घाटाखाली थेट खाऱ्या पाण्याच्या सीमेपर्यंत पोचतील, ही गोव्यातल्या लोकांची धास्ती निराधार नाही.

कापलेला खडक नदी खाली आणते, पण वर्षभर नव्हे. गोव्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटमाथ्यावर त्याहून बराच जास्त, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एप्रिलमध्ये गुडघाभर पाण्याचा असलेला ओहोळ जुलैत मोठमोठे धोंडे गडगडत नेतो. नदीने हलवलेल्या दगड-मातीचा फार मोठा वाटा वर्षातल्या मोजक्या पुराच्या दिवसांत हलतो. घाटपायथ्याला वेग मोडताच आधी मोठे धोंडे थांबतात, मग गोटे, मग जाड रेती. बारीक वाळू आणखी पुढे जाते आणि गाळाची माती पाण्यात तरंगत थेट खाडीपर्यंत. सत्तरीच्या केरीजवळच्या ओहोळात हाताला गोल गुळगुळीत गोटे लागतात. तेरेखोलच्या पात्रात उगवे, तांबोसे, न्हयबागपाशी रेती. कोरगावच्या खाजनात लोण्यासारखा मऊ काळा चिखल. साहित्य मुळात एकच, प्रवासाची लांबी वेगळी.

सखल भागात आल्यावर नदी वळणे घेऊ लागते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचा वेग जास्त, त्यामुळे तो काठ कापला जातो. आतल्या बाजूला वेग कमी, तिथे रेती आणि गाळ साचतो. एक काठ उभा आणि ढासळता, दुसरा पसरट आणि सुपीक, ही जोडी तेरेखोल, शापोरा आणि वाळवंटी तिन्ही नद्यांवर पुन्हा पुन्हा दिसते. जुन्या वस्त्यांनी ती नीट ओळखली होती. घरे आणि देवळे काठापासून दूर, जांभ्याच्या पायथ्याशी उंचावर. आणि पुराची माती दरसाल मिळणारा पसरट काठ शेतीला. सत्तरीत म्हादईच्या पात्रालगत केली जाणारी पुरण शेती याच ओळखीतून आलेली आहे. पावसाळा ओसरल्यावर नदीने टाकलेल्या गाळावर बांध घालून, पाणी वळवून भाताचे पीक घ्यायचे आणि पुढच्या पुराला ती जमीन पुन्हा नदीच्या स्वाधीन करायची.

दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्याची कथा वेगळी आहे. पेडण्यात मोपासारखे सडे आहेत, म्हणजे जांभ्याची सपाट पठारे. उष्ण, दमट हवेत खडकातली विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर निघून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहतात. उघड्यावर ती कडक होतात आणि जांभा तयार होतो. या जांभ्याचेच चिरे काढून गोवा-सिंधुदुर्गात घरे बांधली जातात. सडा वरून कोरडा, काळवंडलेला आणि निरुपयोगी वाटतो. प्रत्यक्षात जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी तो पोटात साठवतो आणि खालच्या चिकणमातीच्या थरावरून ते कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर सोडतो. सड्याच्या पायथ्याच्या वाड्या, त्यांची कुळागरे, पोफळी-माडांना मिळणारे पाटाचे पाणी आणि हिवाळ्यात वायंगणाच्या भाताला मिळणारा ओलावा हे सगळे या झऱ्यांवर उभे आहे. उन्हाळ्यात तेरेखोल आणि शापोरा यांना गोड्या पाण्याचा जो थोडाफार आधार मिळतो त्यातही या झऱ्यांचा वाटा असतो. मोपाच्या सड्यावर आता विमानतळ झाला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. जिथे पाऊस मुरत असे तिथे धावपट्टी झाली की ते पाणी पन्हळीने खाली धावते. सड्याकडे पडीक जमीन म्हणून पाहणे ही मोठी चूक होती, आणि ती केवळ मोपापुरती राहिलेली नाही.

तेरेखोलचा खालचा भाग मात्र नुसत्या नदीने घडवलेला नाही. तिथे समुद्राचा हात आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरचे पुष्कळसे पाणी बर्फात अडकले होते आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा केरीला किनारा नव्हता. तो कितीतरी किलोमीटर पश्चिमेला होता आणि तेरेखोल आज समुद्राखाली असलेल्या मैदानातून वाहत तिथवर जात होती. पातळी खाली असल्यामुळे तिने आपली दरीही खोल कापली. पुढे बर्फ वितळले, समुद्र वर चढला आणि सुमारे सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या जवळ आला. नदीच्या खोल दरीत समुद्राचे पाणी शिरले. कोकण-गोव्याच्या खाड्या या अशा बुडालेल्या दऱ्या आहेत. म्हणूनच आखूड नद्या असूनही त्यांची मुखे रुंद आहेत आणि भरतीचे पाणी बरेच आतपर्यंत जाते.

गोव्याच्या किनाऱ्यावर रोज दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते; उधाणाला पाण्याची पातळी सुमारे दोन मीटरनी वरखाली होते. जुलैत नदीचा लोंढा एवढा असतो की खारे पाणी मुखाच्या बाहेर ढकलले जाते. फेब्रुवारीनंतर गोड्या पाण्याचा जोर कमी होतो आणि खारटपणा वर सरकत जातो. या दोन पाण्यांच्या भेटीतच खाडीकाठची जमीन तयार होते. मातीचे अतिसूक्ष्म कण गोड्या पाण्यात एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. पाणी खारे झाले की ही दूर ढकलण्याची शक्ती मावळते, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. अशा चिखलावर पहिल्यांदा पाय रोवतात ती खारफुटीची झाडे : तिवर, चिपी, कांदळ. त्यांच्या मुळांच्या जाळ्यात आणखी गाळ अडकतो, तळ उंचावतो आणि कालांतराने भरतीला बुडणारी व ओहोटीला उघडी पडणारी सपाट जमीन तयार होते. तेरेखोलच्या काठी किरणपाणीच्या बाजूला आणि शापोऱ्याच्या काठी हे बारकाईने पाहता येते.

इथून पुढचे काम माणसाने केले. भरतीच्या पाण्याला बांध घालून ही चिखलाची जमीन त्याने भाताखाली आणली. तिला खाजन म्हणतात. गोव्यात खाजनांचे क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर सांगितले जाते. पद्धत फार जुनी आहे; कोकणच्या मौर्य वंशातल्या अनिर्जितवर्मा या राजाच्या बांदोड्याच्या ताम्रपटात खाजन जमिनीच्या दानाचा उल्लेख येतो आणि तो ताम्रपट सहाव्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या सुमारे हजार वर्षे आधी गोव्यातल्या शेतकऱ्याला भरती-ओहोटीचे गणित पक्के माहीत होते.

खाजनाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. नदीच्या बाजूचा मुख्य बांध खाडीच्याच चिखलाचा घालतात. चिखलाचे गोळे एकावर एक दाबून बसवायचे, मध्ये पेंढा आणि काटक्या घालायच्या आणि लाटांचा मारा बसणाऱ्या बाजूला जांभ्याचे दगड रचायचे. बांधाच्या बाहेर खारफुटी राखायची, कारण लाटांचा पहिला जोर तीच मोडते. बांधाला एका ठिकाणी दार ठेवायचे, त्याला मानस म्हणतात. चिऱ्यांच्या बांधकामात लाकडी झडपा वरून टांगलेल्या असतात. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडपा आपोआप बंद होतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने त्या उघडतात आणि पावसाचे साठलेले पाणी बाहेर जाते. दिवसातून चार वेळा होणाऱ्या या उघडझापीला माणसाचा हात लागत नाही. मानसाच्या आतल्या बाजूला खोलगट जागा राखतात, तिला पोंय म्हणतात. पावसाचे जास्तीचे पाणी तिथे मावते आणि मासळी तिथे वाढते.

भात मात्र पावसाच्या भरवशावर. जूनमधल्या पहिल्या जोरदार सरी मातीतले मीठ धुऊन काढतात, मग पेरणी किंवा लावणी होते. गोड्या पाण्याचा थर शेतात उभा राहिला की खालचा खारटपणा दबून राहतो. तरीही मीठ पूर्ण जात नाही, म्हणून खाजनाला कोरगुट हे खास भात. उंच वाढणारे, कुसळाचे आणि खारेपणा सोसणारे. पेडण्यात कोरगावची खाजने पूर्वापार प्रसिद्ध आहेत. भात निघाल्यावर खारे पाणी आत घेऊन मासळी धरली जाते. ओहोटीला मानसाच्या तोंडाशी जाळे लावले की कोळंबी आणि मासे त्यात येतात. हा मासे धरण्याचा हक्क लिलावात दिला जाई आणि लिलावाच्या पैशांतून बांधाची डागडुजी होई. गावकरीच्या, म्हणजे सामुदायिक मालकीच्या व्यवस्थेत, बांधावर देखरेख ठेवणे हे सगळ्यांचे काम होते. बांध एकाच ठिकाणी फुटला तरी सगळ्यांचे शेत खारे होते, आणि एकदा खारे पाणी शिरले की ते धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे लागतात. इतक्या नाजूक व्यवस्थेला टिकून राहायचे तर गावाला शिस्त लागते. ती शिस्त शतकानुशतके टिकली, आणि गोव्याच्या इतिहासात किल्ले-लढायांपेक्षा ही कामगिरी थोडीही कमी मोलाची नाही.

जिथे मातीला भात झेपत नाही तिथे मीठ पिकवले जाई. शापोऱ्याच्या काठी आगरवाडो इथली मिठागरे, आणि तेरेखोलच्या उत्तरेला शिरोड्याची. मे १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तो या आगरांवरच.

नदीने राज्यांच्या सीमाही ठरवल्या. पोर्तुगिजांच्या जुन्या काबिजादीत बार्देश, तिसवाडी आणि साष्टी हे प्रदेश होते आणि बार्देशची उत्तर सीमा होती शापोरा नदी. दक्षिण काठावर पोर्तुगिजांचा शापोऱ्याचा किल्ला, उत्तर काठावर सावंतवाडीकर भोसल्यांचे राज्य. रुंद खाडी लष्कराला अडवते, पण माणसांच्या आणि देवांच्या येण्याजाण्याला ती पुरती अडवू शकत नाही. दिवाडी बेटावरच्या सप्तकोटीश्वराचे देऊळ पोर्तुगिजांनी पाडल्यावर देव मांडवी ओलांडून डिचोलीच्या नार्व्याला नेला गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. त्या काळी नदीच्या एका काठावरची मोडतोड दुसऱ्या काठावर चालत नसे.

तेरेखोलच्या टेकडीवरचा किल्ला सावंतवाडीच्या खेम सावंतांनी सतराव्या शतकात बांधला. मुखावरून आत येणाऱ्या प्रत्येक गलबतावर तिथून नजर राहत असे. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मेदा याने शापोऱ्याच्या काठचा हळर्णचा किल्ला घेतला आणि त्याच वर्षी तेरेखोलही. हळर्णच्या विजयावरून त्याला आलोर्नाचा मार्किस हा किताब मिळाला. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले. सीमा अशी एका नदीवरून पुढच्या नदीवर सरकली आणि तेरेखोल नदी गोव्याची उत्तर हद्द बनली. अपवाद फक्त किल्ल्याचा आणि त्याच्या पायथ्याच्या गावाचा. ते नदीपलीकडे असूनही गोव्यात राहिले. मुख ताब्यात ठेवायचे तर दोन्ही काठ हवेत, हा लष्करी हिशेब त्यामागे होता. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही याच किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तिरंगा फडकवला. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, सीमेवरचे पहारे गेले, पण तेरेखोल गाव आजही गोव्यातच आहे आणि केरीहून फेरीबोट तिथे जाते.

विसाव्या शतकात नद्यांवर नवे भार आले. डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या खाणी वाढल्या. खनिज बार्जमधून मांडवीवाटे बंदराला जाऊ लागले आणि खाणींच्या बाजूला रचलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांतला गाळ पावसाबरोबर ओहोळांत उतरला. नदीने स्वतःच्या वेगाने आणलेला गाळ आणि खाणीतून एकाच पावसात सुटलेला गाळ यांत फरक असतो. दुसऱ्या प्रकारचा गाळ पात्रातच बसतो, पात्र उथळ करतो आणि पुराचे पाणी काठावर फेकतो. साखळी आणि डिचोलीच्या बाजारांत पावसाळ्यात शिरणाऱ्या पाण्यामागे अतिवृष्टी आणि पात्रालगतची बांधकामे आहेत तसा हा गाळही आहे. वाळवंटीच्या खोऱ्यात, सत्तरीच्या केरीजवळ अंजुणे धरण झाले. शापोऱ्याच्या वरच्या अंगाला गोवा-महाराष्ट्राचा संयुक्त तिळारी प्रकल्प, त्याचा करार १९९० चा. धरणाने सिंचन दिले, काही पूर अडवले, आणि पाणी सोडावे लागले तेव्हा काही पूर आणलेही. धरणाच्या तलावात रेती आणि गाळ अडकतो हा परिणाम कुणी फारसा मोजत नाही, पण खाली किनाऱ्याला त्याची तूट सोसावी लागते.

तेरेखोलवर मोठा घाव बसला तो रेती उपशाचा. न्हयबाग, पोरस्कडे, उगवे, तांबोसे या टप्प्यात आणि समोरच्या सिंधुदुर्गाच्या काठावर घरबांधणीसाठी रेती काढली जाते. पूर्वी माणूस बुडी मारून टोपलीने रेती काढी आणि होडी भरे. तेवढी भर नदी पुढच्या पावसात घालत असे. उपसा यंत्राने आणि रात्री-अपरात्री होऊ लागल्यावर हिशेब उलटा झाला. पात्र खोल झाले की काठाचा पाया सुटतो आणि माडांसकट जमीन नदीत जाते. खोल झालेल्या पात्रातून भरतीचे खारे पाणीही अधिक वर चढते आणि विहिरींना लागते. सीमा पात्राच्या मध्यातून गेल्यामुळे एका काठावर कारवाई झाली की होड्या दुसऱ्या काठाला लागतात.

या सगळ्याचा शेवट पुन्हा केरीच्या मुखावर होतो. तिथली वाळूची पट्टी कधीच स्थिर नव्हती. पावसाळ्यातल्या उंच, एकामागोमाग येणाऱ्या लाटा किनारा खरवडतात आणि वाळू थोडी बाहेर, पाण्याखालच्या दांड्यांत नेऊन ठेवतात. ऑक्टोबरनंतर समुद्र शांत झाला की लांब, संथ लाटा तीच वाळू परत आणतात. नदीही पुरात आपला वाटा मुखापर्यंत आणते आणि समुद्र तो किनाऱ्यावर पसरतो. उत्तरेच्या खडकामुळे नदीचा प्रवाह त्या बाजूला जखडलेला आहे, म्हणून वाळूची जीभ दक्षिणेच्या बाजूने, केरीकडून, मुखात पुढे येते. ऋतूंचा हा जमाखर्च जुळत राहिला तोपर्यंत किनारा टिकला. पुढे खर्च वाढला. केरीच्या किनाऱ्यावरची सुरूची झाडे मुळे उघडी पडून कोसळू लागली आणि धूप थांबवण्यासाठी दगडांची भिंत घालावी लागली. लाटेला भिंत आडवी आली की ती भिंतीच्या पायथ्याची आणि टोकापलीकडची वाळू उचलते. जमीन वाचते पण चौपाटी आटत जाते. समुद्राची पातळी जगभर वाढत असल्याने हा ताण कमी होण्याची चिन्हे नाहीत.

कोरगाव-पालयेच्या बाजूच्या बांधांचीही स्थिती काळजीची आहे. शेती सोडून माणसे नोकरीला गेली, सामुदायिक देखरेख सुटली, मानसाच्या झडपा कुजल्या की नवीन कोण बसवणार हा प्रश्न पडतो. बांध फुटलेल्या खाजनात काही वर्षांतच पुन्हा तिवर उगवतो आणि नदी आपली जमीन परत घेते. निसर्गाच्या दृष्टीने त्यात तोटा नाही; ज्यांनी ती जमीन पिढ्यान् पिढ्या राखली त्यांच्या दृष्टीने मात्र आहे.

केरीचा किनारा राखण्याचा विचार केरीपासून सुरू करून भागणार नाही. वाळू न्हयबाग-तांबोशाच्या पात्रातून येते, गोडे पाणी मोपाच्या सड्यातून आणि बांद्याच्या वरच्या डोंगरांतून, आणि नदी दोन राज्यांत वाटली गेलेली आहे. रेतीचा परवाना, काठाची राखण आणि खाजनांच्या बांधांची दुरुस्ती यांचा निर्णय गोवा आणि महाराष्ट्र यांनी एका खोऱ्याचा म्हणून एकत्र बसून घ्यायला हवा. तिळारीच्या पाण्यासाठी दोन्ही राज्ये १९९० मध्ये एकत्र बसली होती. तेरेखोलच्या वाळूसाठीही त्यांनी तसे बसावे.